जुनं पंचांग फेकण्याआधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पाडव्याला नवं पंचांग घरात आलं की जुनं माळ्यावर जातं, नाहीतर रद्दीत. त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातून पत्रं यायला लागतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, गावं वेगवेगळी, पण गोंधळ बहुतेक एकच असतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो आहे. मुहूर्त, पत्रिका आणि भविष्य यांची उत्तरं माझ्याकडे मागू नयेत. जुन्या पंचांगातून त्या काळची माणसं कशी राहत होती, काय पेरत होती, कशाला भीत होती, एवढंच मी पाहतो.

आजोबांचा जन्म ‘शके 1835, आषाढ वद्य 5’ असा लिहिलेला आहे. इंग्रजी साल कोणतं? (खानापूर)

1913, जुलै महिना. शकात 78 मिळवायचे. तिथी 1 जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातली असेल तर 79. नेमकी तारीख त्या वर्षाचं पंचांग पाहूनच ठरवावी, मोबाईलवरच्या कुठल्याही ॲपवर विसंबू नये. सरकारी कागदावर 1957 नंतरचा शक असेल तर तो राष्ट्रीय दिनदर्शिकेचाही असू शकतो. तिचे महिने सौर आहेत, त्यात तिथी नसते.

जमिनीच्या जुन्या कागदावर ‘फसली 1290’ आहे. हा शक आहे का? (चिकोडी)

नाही. फसली हे जमीनमहसुलाचं वर्ष. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1880-81. आपल्याकडे हे वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. कागद वाटणीच्या किंवा हद्दीच्या वादातला असेल तर माझ्या उत्तरावर थांबू नका, महसुली दप्तर जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

पणजीच्या टिपणात ‘सूर्योदयात् घटी 12 पळे 30’ आहे. किती वाजले? (हुक्केरी)

सूर्योदयानंतर पाच तासांनी. घटी 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं. सूर्योदय मात्र त्या गावचा आणि त्या दिवसाचा धरायचा. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासूनची आहे, आणि बेळगावची स्थानिक वेळ तिच्या सुमारे 32 मिनिटं मागे असते. जुनी घड्याळाची वेळ आणि आजची वेळ सरळ जुळवणारे इथेच चुकतात. घड्याळ नसलेल्या घरात बाळ जन्मलं की घंगाळात भोकाची तांब्याची वाटी सोडून, नाहीतर अंगणातली सावली पाहून वेळ धरत. तेव्हा पळापर्यंतचा आकडा दिसला म्हणून वेळ पळापर्यंत अचूक मानू नये.

एकाच वर्षाची दोन पंचांगं सापडली, एक मराठी आणि एक कानडी. एकादशी एका दिवसाने वेगळी आहे. खोटं कोणतं? (संकेश्वर)

कोणतंच नाही. भाषेचाही इथे संबंध नाही. मराठी आणि कानडी पंचांगांचा शक एक, चैत्रारंभ एक, महिना अमावास्येला संपण्याची रीतही एकच. पाडवा आणि युगादी म्हणूनच एका दिवशी येतात. फरक गणिताचा आहे. आपल्याकडची जुनी पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून करत. तो ग्रंथ शके 1442 चा, म्हणजे 1520 चा. तीनशे-साडेतीनशे वर्षांत त्यातली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1865 मध्ये नव्या गणिताचं पंचांग काढलं, तेच पटवर्धनी पंचांग. पुढे आपल्या शेजारच्या बागलकोटला राहून व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या गणिताचा ‘ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ लिहिला. या भागातल्या किती शाळांमध्ये मुलांना केतकरांचं नाव सांगितलं जातं, याचा शिक्षकांनी विचार करावा.

घरात कोणतं पंचांग येत होतं, यावरून ते घर जुन्या वळणाचं होतं की नव्या गणिताच्या बाजूचं, याचा थोडा अंदाज येतो. खात्री करायची तर सलग चार-पाच वर्षांची पंचांगं हवीत. दोन्ही जपून ठेवा आणि गणित जाणणाऱ्या पंचांगकर्त्याला दाखवा.

जुन्या पंचांगातली नक्षत्रांची वाहनं पाहून त्या काळी पाऊस किती पडला ते समजेल का? (अथणी)

नाही. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी ‘मृगाचं वाहन म्हैस होतं, म्हणजे पाऊस चांगला झाला’ असं छातीठोकपणे लिहून पाठवतं. बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, गाढव ही वाहनं सूर्य आणि चंद्राच्या नक्षत्रांच्या हिशोबावरून ठरतात. हजार वर्षांपूर्वीचं वाहनही आज कागदावर काढता येईल. त्यात पावसाचा एक थेंबही मोजलेला नाही. संवत्सरफलाचं, म्हणजे पंचांगात दिलेल्या वर्षाच्या भाकिताचंही तसंच. राजा, मंत्री, मेघाधिपती हे सगळं पाऊस पडायच्या आधी छापलेलं असतं.

शके 1798, धाता संवत्सर, म्हणजे 1876. त्या वर्षी बेळगाव, धारवाड आणि तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यांत पाऊस गेला आणि पुढची दोन वर्षं माणसं आणि जनावरं अन्नाविना मेली. त्याची हकीकत हवी असेल तर 1884 चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा.

पंचांगातून शेतीचं काहीच समजत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. कोणत्या नक्षत्रासमोर शाईची खूण आहे ते पाहा. खानापूरकडे भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या जमिनीतली पेरणी मृगाच्या आधीच उरकायची असते. तिथल्या शेतकऱ्याचं लक्ष रोहिणीवर. अथणीकडे शाळू हस्ताच्या पावसावर, त्यामुळे तुमच्या घरच्या खुणा भाद्रपद-आश्विनात सापडायला हव्यात. पुस्तक तेच, पण दोन ठिकाणची बोटं वेगळ्या पानांवर फिरलेली. हे शोधा आणि गावातल्या जुन्या शेतकऱ्याबरोबर बसून ताडून पाहा.

गेल्या वर्षाचं पंचांग घरात ठेवू नये म्हणतात. सासूबाईंच्या ट्रंकेत साठ-सत्तर वर्षांची आहेत. मलप्रभेत सोडावीत की लॅमिनेट करून घ्यावीत? (खानापूर तालुका)

ताई, दोन्ही करू नका. ट्रंक आज जशी आहे तशीच राहू द्या.

जुनं पंचांग घरात ठेवू नये, हे कोणत्या ग्रंथात आहे ते मला कुणी आजवर दाखवलेलं नाही. मुहूर्तासाठी ते निरुपयोगी झालं, एवढंच खरं. या ऐकीव गोष्टीपायी मलप्रभेत, घटप्रभेत आणि कृष्णेत किती घरांची स्मरणं वाहून गेली, याचा विचार केला की जीव तुटतो.

साठ वर्षांपूर्वी खेडेगावातल्या घरात दरवर्षी विकत येणारं छापील पुस्तक बहुधा हे एकच. म्हणून लिहायचं ते त्याच्याच समासात लिहीत. म्हैस व्याली, तिथी. मुलीला सासरी पाठवलं, तिथी. सावकाराला व्याज पोचवलं, तिथी आणि रुपये-आणे-पै. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गाडी जुंपली, बरोबर कोण होतं, वाटेत मुक्काम कुठे. या नोंदी कुठल्याही सरकारी दप्तरात मिळत नाहीत. बायकांच्या आयुष्याच्या तर नाहीतच. माहेरपण, बाळंतपण, दगावलेलं मूल, हे सरकारने नोंदलंच असेल तर एका ओळीत, पण घरात ते पंचांगाच्या कडेला लिहिलेलं असू शकतं.

छापलेला भागही सोडू नका. मागच्या पानांवर पोस्टाचे दर, मुद्रांकाचे दर, व्याजाची कोष्टकं, सुट्ट्या, जत्रा आणि औषधांच्या जाहिराती असत. जाहिराती फाडून टाकणारे लोक आहेत, त्यांना मी हात जोडतो. घरात कोणत्या दुखण्याची भीती होती ते त्यांतून कळतं. मापं पाहा: शेर, पायली, मण हळूहळू जाऊन किलो येतो. पैशाची पाहा: 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, तरी घरचे हिशोब पुढे किती वर्षं आण्यात चालले ते समासातच दिसेल. ट्रंकेत त्याहून जुनं काही असेल तर शके 1840 च्या भाद्रपद ते कार्तिकाची पानं आधी उघडा. ते 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचे महिने. प्लेगच्या वर्षांत गावं ओस टाकून माणसं रानात झोपड्या घालून राहिली, तेव्हाच्याही नोंदी असू शकतात. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव खालसात, म्हणजे थेट सरकारी अमलाखाली होतं. दोन्हीकडे नाती असलेल्या घरांनी कोर्टकचेरीच्या नोंदी वेगळ्या लक्ष देऊन पाहाव्यात.

आता जपणुकीचं. लॅमिनेशन म्हणजे कागदाला उष्णता देऊन प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडणं. नंतर तो कागद सोडवणं तज्ज्ञालाही फार अवघड जातं. ‘शंभर वर्षं टिकेल’ हे दुकानदाराचं बोलणं धंद्याचं आहे. सेलोटेप नको, तिचा गोंद कागद खातो. बोरूची काजळी शाई पाण्याने निघते, म्हणून ओलं फडकं लावू नका. कडुलिंबाचा पाला थेट पानांत घालू नका, डाग पडतात. धुतलेल्या सुती कापडात एकेक वर्ष गुंडाळा, भिंतीपासून आणि फरशीपासून दूर ठेवा, मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या वाटणाऱ्या पानांचाही. घरातली वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर नोंदीतली नावं त्यांना विचारून घ्या, आणि पावसाळ्यापर्यंत थांबू नका. वाळवी लागली असेल तर स्वतः औषध मारू नका. कागद जतन करणाऱ्या जाणकाराला विचारा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडून रस्ता कळेल.

एक जण ‘अडीचशे वर्षांपूर्वीचं छापील मराठी पंचांग’ विकतो आहे. घ्यावं का? (निपाणी)

नको. छापील मराठी पंचांगाची सुरुवात मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकात झाली. त्याआधीचं असेल ते हाताने लिहिलेलं. सुटी पानं चौकटीत घालून विकणाऱ्यांकडूनही घेऊ नका. ती कुणाच्या तरी घरचं पंचांग फाडूनच आलेली असतात.

पंचांगातली जन्मनोंद दाखवून वयाचा दाखला किंवा जुन्या वास्तव्याचा पुरावा मिळेल का? (बेळगाव)

तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. शाळेचा दाखला आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा उतारा आधी शोधा, मग वकिलाला विचारा.

समासातली नोंद मोडीत आहे. मूळ पंचांग तुमच्याकडे पाठवू का? (येळ्ळूर)

पाठवू नका. पोस्टाने नको, कुरिअरने नको, कुणाच्या हातीही नको. उजेडात सरळ वरून फोटो काढा. पूर्ण पान एकदा आणि नोंद जवळून एकदा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते फोटो मोडी वाचणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवा. दोघांचं वाचन जुळलं तरच नोंद पक्की धरा. नावात आणि आकड्यात फरक आला तर तिसऱ्या जाणकाराला विचारा. तोवर त्या पानावर पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नका.