जादूगार हुडिनीकडे खरंच काही सिद्धी होती का? नाहीतर तो बेड्यांतून, बंद पेटीतून सुटायचा कसा?

सिद्धी-बिद्धी काही नव्हती. कुलपांचा दांडगा अभ्यास, कधी लपवलेली किल्ली आणि कमावलेलं शरीर. पण तुम्ही सिद्धीचं नाव काढलं म्हणून लिहायला बसलो.

मी बारावीत होतो तेव्हा आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) एक बाबा आला. पाराच्या मागं खड्डा खणून घेतला, आत बसला, वरून सागाच्या फळ्या, त्यावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), मग माती. तासाभरानं निघाला तर लोक पाया पडायला धावले. खड्डा खणायला मी पण होतो, आत उभा माणूस मावत होता म्हणजे तासाभराची हवा आरामात होती. हे मामाजीला सांगितलं तर चारचौघात म्हणाले, "काऊन बे, दोन बुकं शिकला त लय शायना झाला काय?" मामीच्या पोटात तेव्हा गोळा होता. कापूस विकून ऑपरेशनसाठी ठेवलेला पैसा त्या बाबाच्या अंगाऱ्यात गेला अन् मामीनं दुखणं अंगावर काढलं.

आता हुडिनीचं ऐका. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला रहमान बे नावाचा फकीर बंद पेटीत पाण्याखाली तासभर राहिला आणि ही समाधी आहे म्हणाला. हुडिनीला ते खपलं नाही. ५२ वर्षांचं वय, तरी ऑगस्टमध्ये तशाच पेटीत हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये ९१ मिनिटं राहून दाखवलं, आणि वर आल्यावर सांगितलं की यात चमत्कार नाही, न घाबरता हळूहळू श्वास घेतला एवढंच. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन खरं सांगणारा असा कलाकार मला तरी दुसरा माहीत नाही. मेलेल्यांशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्यांना पण त्यानं असंच उघडं पाडलं.

तो पाण्यात बुडून मेला असं लोक सांगतात ते चूक. अपेंडिक्स फुटलं होतं, तापानं फणफणत असताना शो करत राहिला, दवाखान्यात उशिरा गेला आणि ३१ ऑक्टोबर १९२६ ला डेट्रॉइटमध्ये गेला. पोटाच्या दुखण्यात उशीर हुडिनीला पण सोडत नाही.

सगळेच बाबा लुच्चे असं माझं म्हणणं नाही, गाडगेबाबा आमच्याच भागातले, त्यांनी जन्मभर नवस-अंगाऱ्याविरुद्धच कीर्तनं केली. आणि श्वासाचे हे प्रयोग घरी करू नका, जीव जाईल. पण कोणी जमिनीत पुरून घ्यायला आला तर आधी खड्डा किती मोठा ते पाहा, आणि दवाखान्याच्या पैशाला हात लावू देऊ नका. मामाजी अजून त्याला सिद्धीच म्हणतात. माझं उत्तर बारावीत होतं तेच आहे.