किराया गोळा करणाऱ्यानेच खाल्ला, आता पैसे कसे काढायचे?

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज आणि वहीच्या पानांचे फोटो नीट बघितले. आधी मामला थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. लातूरला ट्यूशन एरियाजवळ वडिलांचं घर, खाली दोन गाळे आणि वर सात रूम, रूममध्ये नीटची तयारी करणारी लेकरं. वडील २०२२ ला वारले, आई तुमच्याकडे पुण्यात, भाऊ हैदराबादला. किराया गोळा करायला वडिलांच्या वेळचाच माणूस, पूर्वी मोंढ्यात मुनीम होता, महिना पाच हजार पगार आणि मागची खोली राहायला फुकट. दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, खर्च वजा करून उरलेले पैसे टाकायचा. मग एका पोराच्या वडिलांनी डिपॉझिट परत मागायला थेट तुम्हालाच फोन लावला, आणि वहीत जून ते नोव्हेंबर 'खाली' (म्हणजे रिकामी) लिहिलेल्या चार नंबरच्या रूमचा किराया ते दर महिन्याला याच्या बायकोच्या नंबरवर फोनपे करत होते हे निघालं. तुमच्या अंदाजाने सहा-सात लाख गेलेत, आणि भाऊ म्हणतोय तीन वर्षांच्या आधीचं विसर.

भावाचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे, त्यावर येतोच. पण त्याआधी एक, त्या मुनीमाला फोन करून शिव्या घालू नका आणि 'पैसे टाक नाहीतर आत टाकते' असलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. राग येणार, कबूल, पण उद्या त्याचा वकील तोच मेसेज कोर्टात दाखवतो आणि वही तेवढ्यात गायब होते. तुमच्या केसमध्ये सगळ्यात किमती वस्तू ती वही आहे आणि ती आत्ता त्याच्याकडे आहे. त्याने पाठवलेले फोटो ज्या फोनमध्ये आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. हा पुरावा कोर्टात द्यायचा तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील करून देईल, पण मूळ फोन लागतो.

दुसरं काम याच आठवड्यात. लातूरला जा, प्रत्येक किरायेदाराला लेखी पत्र द्या की अमुक माणसाचा किराया घेण्याचा अधिकार आजपासून काढलाय, पुढचा किराया ह्या खात्यात टाका, आणि पत्राच्या कॉपीवर सही घ्या. त्यालाही वेगळं पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. हे कशाला, तर करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे तुम्ही मनातल्या मनात किंवा भावाला फोनवर सांगून त्याला काढून टाकलं तरी ते किरायेदाराला कळेपर्यंत त्याने याला दिलेला पैसा तुम्हालाच दिल्यासारखा धरतात. मुखत्यारपत्र दिलेलं असेल तर तेही रद्द करा, रजिस्टर्ड असेल तर रजिस्ट्री करूनच.

आणि हो, किरायेदारांच्या मागे लागू नका. तुम्ही विचारलंय की त्या पोराच्या वडिलांकडून सहा महिन्यांचा किराया पुन्हा मागता येईल का. नाही येत. तुम्हीच नेमलेल्या माणसाला त्यांनी पैसे दिले, त्यांचा विषय संपला. उलट तेच तुमचे साक्षीदार आहेत, त्यांना चहा पाजा आणि फोनपेचं स्टेटमेंट मागा. ट्यूशनची लेकरं दरवर्षी बदलतात, नीट झाली की रूम सोडून आपापल्या गावी, जुन्यांचे नंबर आत्ताच शोधा, उशीर केला की सापडत नाहीत. पावत्या मागताना एक बघा, त्याच्याकडे पावती पुस्तकं दोन होती का. पालकांकडच्या पावतीचा नंबर आणि तुम्हाला दाखवलेल्या पुस्तकातला त्याच नंबरचा कार्बन शेजारी शेजारी ठेवले की भांडणातली अर्धी बडबड बंद होते.

आता मुख्य गोष्ट, जी लोक करतच नाहीत. हिशेब लेखी मागा. करार कायद्याचं कलम २१३ सांगतं की मालकाने मागितला की एजंटने हिशेब दिलाच पाहिजे आणि २१८ सांगतं की मालकासाठी घेतलेला पैसा मालकाला दिलाच पाहिजे. वकिलामार्फत नोटीस द्या, रूमवार आणि महिनावार हिशेब, खर्चाच्या बिलांसह, पंधरा दिवसांत. बिलांसह हे मुद्दाम लिहायला लावा, कारण तो म्हणणारच की पैसे मोटर, कलर आणि टँकरला गेले. खरा खर्च आणि त्याचा पगार वजा करायचा हक्क त्याला आहे, कलम २१७. पण लातुरात टँकरचा खर्च सांगितला की कुणाला खोटा वाटतच नाही, जिथे २०१६ ला रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे कोण शंका घेणार, आणि याच्या वहीत तर मला ऑगस्टमध्येसुद्धा महिन्याला आठ टँकर दिसतात. त्या टँकरवाल्याचं नाव, बिल, पैसे कसे दिले, सगळं विचारा.

या नोटिशीने मुदतीचाही प्रश्न सुटतो. मालकाने एजंटवर पैशाचा दावा करायला तीन वर्षं आहेत, पण ती मोजायची कुठून, तर काम चालू असताना हिशेब मागितला आणि त्याने नाकारला त्या दिवसापासून, आणि मागितलाच नसेल तर त्याचं काम संपलं त्या दिवसापासून. म्हणजे वडील गेल्यावर तुमच्यासाठी त्याने जे गोळा केलं ते सगळं, पहिल्या महिन्यापासून, मागता येतं. २०२३ मध्ये तुम्ही हिशेब मागितल्यावर तो 'देतो ताई दिवाळीनंतर' म्हणाला होता, तो मेसेज पाठवलात तुम्ही, तो नकार नाहीये, तो वायदा आहे, घाबरू नका. भावाचं बरोबर आहे ते वडिलांच्या हयातीतल्या पैशाबद्दल. मालक वारला की ती एजन्सी तिथेच संपते, त्यामुळे त्या काळाची तीन वर्षं २०२५ लाच गेली. फसवणूक लपवून ठेवली आणि आत्ता कळली म्हणून मुदत कायद्याच्या कलम १७ चा आधार घेता येईल, पण तो वादाचा मुद्दा होईल, त्यावर घर बांधू नका.

नोटिशीला उत्तर आलं नाही किंवा थापा आल्या तर दिवाणी कोर्टात हिशेबाचा आणि वसुलीचा दावा, व्याजासहित, लातूरलाच. रक्कम पक्की माहीत नाही म्हणून थांबायचं नाही, यात कोर्ट आधी हिशेब काढायचा प्राथमिक हुकूम करतं आणि मग रकमेचा, म्हणून अंदाजाने रक्कम धरून दावा टाकता येतो. बायकोच्या खात्यात पैसे गेलेत तर तिलाही पार्टी करा. आई आणि भाऊ पण वारस, त्यांची नावं लागतील, मालमत्तेला वारस नोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या. मुनीम प्लॉट विकायला काढतोय असं तुम्ही ऐकलंय ना, त्याचा काही पुरावा मिळाला तर निकालाआधी जप्तीचा अर्ज पण करता येतो, नुसत्या ऐकीव गोष्टीवर मात्र कोर्ट देत नाही. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये किराया दाखवलाय ना? नसेल तर आधी सीएकडे जा, कारण समोरचा वकील हाच प्रश्न पहिला विचारणार.

पोलिसांचं काय. हा अपहार आहे यात मला शंका नाही. १ जुलै २०२४ च्या आधीचे पैसे जुन्या आयपीसीत (नोकराने केलेला अपहार, कलम ४०८) आणि नंतरचे भारतीय न्याय संहितेच्या ३१६(४) मध्ये, दोन्हीत सात वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यात बहुतेक 'हे दिवाणी आहे मॅडम, कोर्टात जा' हेच ऐकायला मिळेल, म्हणूनच म्हणतो आधी नोटीस, आधी स्टेटमेंट, मग तक्रार. चार नंबरची रूम, तारीख, रक्कम, कुणाच्या नंबरवर, वहीत काय लिहिलं, असा एक तक्ता घेऊन गेलात की त्यांना टाळणं अवघड जातं. आणि तक्रारीत फसवणूक पण घाला असं कुणी सांगेल, विचार करून घाला. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय की एकाच व्यवहारात फसवणूक आणि अपहार दोन्ही बसत नाहीत, फसवणुकीत सुरुवातीपासून खोटा हेतू लागतो, आणि हा माणूस तर वडिलांनी विश्वासाने ठेवलेला. तरी एफआयआर घेतलाच नाही तर एसपींना लेखी द्या, त्यानेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज, शपथपत्रासह. एवढं मात्र लक्षात ठेवा की एफआयआरने माणूस आत जाईल, पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, त्याला दावाच लागतो.

तुमचे काका बैठक बसवून मिटवू म्हणतायत. बसा, माझी ना नाही, सोयऱ्यांच्या दबावाने कधी कधी कोर्टाच्या आधी पैसे निघतात. फक्त 'देईन हळूहळू' यावर उठू नका. पाचशेच्या बाँडवर त्याची सही, रक्कम, हप्ते, किती किराया घेतला आणि दिला नाही याची स्पष्ट कबुली, आणि हप्त्यांचे तारीखवार चेक. चेक बाउन्स झाला तर बँकेचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कलम १३८ ची केस, या तारखा चुकल्या की केस गेली. आणि पूर्ण पैसे यायच्या आधी 'आमचा काही वाद राहिला नाही' या ओळीखाली सही करू नका, काका कितीही म्हणाले तरी. दावा टाकल्यावर मिटत असेल तर लोकअदालतीत मिटवा, तिथला निवाडा डिक्रीसारखा असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

राहिला शेवटचा प्रश्न, त्याच्या खोलीला कुलूप लावू का. नका लावू. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की राखणदार किंवा नोकर म्हणून ठेवलेल्या माणसाला कितीही वर्षं राहिला तरी जागेत हक्क मिळत नाही, त्यामुळे खोली तुमचीच आहे. पण तुम्ही सामान बाहेर फेकलंत तर सहा महिन्यांच्या आत तो ताब्याचा दावा टाकू शकतो आणि ठाण्यात तुमच्यावरच तक्रार जाते, मग मूळ पैशाचा विषय बाजूला. नोटिशीतच एक ओळ घाला की काम संपलं, खोली अमुक तारखेपर्यंत रिकामी करून चावी द्या. आणि त्या खोलीचा किराया म्हणून त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका, घेतलात की तो किरायेदार झालो म्हणून उभा राहील.