जिल्हा सुटला तरी हात सुटेना

प्रश्न : शाळेसाठी डिरेक्टर या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्राच्या नकाशाची सीडी करते आहे. जिल्ह्यावर माऊस नेला की बाणाचा हात होतो आणि क्लिक केलं की त्या जिल्ह्याचं पान उघडतं. पण नव्या पानावरही हात तसाच राहतो, अगदी रिकाम्या जागेवरसुद्धा. माउसएंटरमध्ये (माऊस चित्रावर येताच चालणारा भाग) कर्सर २८० आणि माउसलीव्हमध्ये (माऊस बाहेर जाताच चालणारा) कर्सर उणे १ लिहिलंय. दुसरं म्हणजे रत्नागिरी आणि साताऱ्याच्या हद्दीवर भलताच जिल्हा उघडतो. आणि रत्नागिरीवर हाताऐवजी हापूस आंबा दाखवता येईल का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, तुमचे आकडे बरोबर आहेत. २८० म्हणजे बोट दाखवणारा हात, उणे १ म्हणजे साधा बाण. गोची वेगळीच आहे. बाण स्प्राइटवरून, म्हणजे पडद्यावर मांडलेल्या चित्रावरून, खाली उतरला तरच त्या स्प्राइटला माउसलीव्ह मिळतं. तुम्ही क्लिक करता, प्लेहेड (चालू फ्रेम दाखवणारा काटा) दुसऱ्या फ्रेमवर उडी मारतो आणि तो जिल्हा स्टेजवरून, म्हणजे पडद्यावरून, जातो. आता माउसलीव्ह घ्यायला आहे कोण? आणि कर्सर हा हुकूम सगळ्या स्टेजला लागू असतो, त्यामुळे कोणी बदलेपर्यंत हात तसाच.

म्हणून हुकूम सोडा, स्प्राइटचा स्वतःचा कर्सर हा गुणधर्म वापरा. बिहेव्हिअरमधल्या (स्प्राइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधल्या) बिगिनस्प्राइटमध्ये, म्हणजे स्प्राइट येताना, त्याला २८० द्या आणि एंडस्प्राइटमध्ये, म्हणजे जाताना, ० द्या. शून्य म्हणजे ‘माझा वेगळा कर्सर नाही’. माउसएंटर-माउसलीव्हची जोडी मग पुसून टाका. एकच बिहेव्हिअर सगळ्या जिल्ह्यांवर टाकता येतं, कारण मी डॉट स्प्राइटनम आपला नंबर आपण शोधतो.

आता हद्दीचा तंटा. साधी इंक (चित्र स्टेजवर कसं उमटवायचं ती सेटिंग) असली की डिरेक्टर प्रत्येक चित्राभोवतीचा चौकोन धरतो. रत्नागिरी उभा, लांबट. त्याचा चौकोन सरळ घाट चढून साताऱ्यात घुसतो. दोन्ही स्प्राइटना मॅट इंक (चित्राच्या कडेबाहेरची जागा वगळणारी) लावा, मग दिसणाऱ्या भागावरच कर्सर बदलेल आणि माउसएंटर आणि क्लिकही तिथेच लागेल. काही जण एक्झिटफ्रेममध्ये, म्हणजे फ्रेम संपताना, रोलओव्हर (माऊस स्प्राइटवर आहे का) तपासत बसतात. ते मुळीच करू नका. रोलओव्हर मॅटला जुमानत नाही, त्याला चौकोनच कळतो.

आंबा जमेल, पण आधी रंगाचं ऐका. कास्टमधल्या (डिरेक्टरच्या चित्रांच्या साठ्यातल्या) साध्या चित्राचा कर्सर १ बिटचा, म्हणजे काळा-पांढरा, १६ बाय १६ पिक्सेलचा असतो. सोबत तेवढ्याच मापाचा मास्क (कोणता भाग आरपार दिसू नये ते ठरवणारं चित्र) द्यायचा आणि दोघांचे मेंबर नंबर, म्हणजे कास्टमधले क्रमांक, चौकटी कंसात लिहायचे. काळा हापूस पाहून चिपळूणकर काय म्हणतील ते तुम्हीच जाणता! रंग हवा तर इन्सर्ट मेनूत मीडिया एलिमेंटखाली कर्सर आहे. त्याला ८ बिटचं, म्हणजे २५६ रंगांचं, चित्र लागतं. टोकाचा बिंदू मात्र स्वतः नेमून द्या, नाहीतर मुलं देठावर नेम धरतील आणि क्लिक भलतीकडेच पडेल. शिवाय प्रोजेक्टर (सीडीवरून स्वतंत्र चालणारी फाइल) बनवताना कर्सरचा एक्स्ट्रा (जोड-प्रोग्रॅम) आत घ्यायला विसरू नका. नाहीतर तुमच्या मशीनवर आंबा दिसेल, शाळेच्या मशीनवर दिसणार नाही.

माझं मत विचाराल तर आंबा एकाच जिल्ह्याला नको. जिथे क्लिक चालतं तिथे सगळीकडे तोच हात दिसू द्या. समुद्रावर, शीर्षकावर, सूचीवर बाणच ठेवा. चौथीतलं मूल सूचना वाचत नाही, हात दिसला की दाबतं. जिल्ह्याचा व्हिडिओ उघडायला वेळ लागत असेल तर तेवढ्यापुरता कर्सर ४ म्हणजे घड्याळ लावा, आणि व्हिडिओ सुरू झाला की ते लगेच उतरवा.