मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, कयाकिंग-ट्रेकिंगचा धंदा काढतोय. पाहुण्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घेतली तरी विमा लागेल का? आणि रिसॉर्टवाले मागतात म्हणून स्वस्तातला काढला तर चालेल का?

लागेल. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिसॉर्टवाले म्हणतात, विम्याचा कागद आणा मग पाहुणे पाठवतो. तेव्हा एखादी स्वस्तातली लायबिलिटी पॉलिसी (म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई भरणारा विमा) काढून दाखवली तर चालेल का? दाखवायला चालेल. अपघात झाला की चालणार नाही. हे मी पदरचे पैसे मोजून शिकलोय.

मी चोडण बेटावर खाजनाच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेने, खारफुटीतून कयाक फिरवतो. पहिल्या वर्षी ओळखीच्या एजंटाने पॉलिसी काढून दिली. मी वरचा आकडा बघितला, २५ लाख, आणि फाइलला लावली. डिसेंबरात एक दिवस फेरी संपवून परतलो तेव्हा सुकती लागलेली. आमच्या उतरायच्या चिऱ्याच्या पायऱ्या भरतीला पाण्याखाली असतात. पाणी उतरलं की खालच्या तीन पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडतं. वरून वाळल्यासारखं दिसतं, पाय ठेवला की साबण. एक पाहुण्या बाई तिथेच घसरल्या. मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. महिनाभराने वकिलाची नोटीस आली.

तेव्हा कुठे पॉलिसी नीट वाचली. धंद्याचं वर्णन: ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स, कार्यालय’. विम्याची जागा: माझ्या घराचा पत्ता. म्हणजे जिथे पाहुणा कधी पाऊलही टाकत नाही, तिथला माझा विमा! कंपनीने दोन ओळींत नकार कळवला. चार दिवस शिव्या घातल्या, पण प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसीच्या अर्जावर, सही माझीच होती. १ लाख ८० हजार खिशातून गेले.

तर सांगायचं ते हे: पब्लिक लायबिलिटी पॉलिसी ही मुळात जागेला चिकटलेली असते. हॉटेल, थिएटर, दुकान असल्या ठिकाणी कुणी घसरलं-पडलं तर मालकावर येणारी भरपाई ती देते. आपला धंदा मात्र आवाराबाहेरच चालतो. म्हणून नदीचा कुठला पट्टा, कुठली जेटी, ट्रेकची कुठली वाट, हे सगळं पॉलिसीत नावानिशी लिहून घ्या. तुम्ही सत्तरीत ट्रेक नेणार असाल तर ‘उत्तर गोवा’ एवढ्यावर समाधान मानू नका. आणि वर्णनात ‘कयाकिंग’, ‘ट्रेकिंग’ हे शब्द हवेतच. त्यामुळे प्रीमियम वाढेल. एजंट म्हणेल, कशाला लिहिता, महाग पडेल. त्याचं ऐकू नका.

दुसरं, अपवादांचं पान. कुणी हे पान वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. त्यात तीन गोष्टी शोधा. खेळात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्याला झालेली इजा वगळलेली आहे का? असेल तर तुमच्या दृष्टीने ती पॉलिसी रद्दी, कारण तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण भाग घेणाराच. जलवाहनाच्या वापरातून येणारं दायित्व वगळलंय का, आणि असेल तर कयाक त्यात मोडते का? हे लेखी विचारा. फोनवर ‘नाही हो सर, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणाऱ्याचं नंतर काही लागत नाही. तिसरं, नैसर्गिक आपत्ती. पूर, वादळ वगैरे बहुतेक पॉलिसींत जादा प्रीमियम भरल्याशिवाय येत नाहीत. म्हादईचं पाणी पावसाळ्यात कसं चढतं ते सत्तरीच्या माणसाला मी काय सांगणार! दुपारचं जेवण तुम्हीच देणार असाल तर खाण्यापिण्याचं एक्स्टेन्शनही घ्या, विषबाधा झाली तर तीही तुमच्याच गळ्यात येते.

रकमेबद्दल. पॉलिसीवर दोन मर्यादा असतात, एका अपघाताची आणि अख्ख्या वर्षाची. एजंट लोक त्याला एओए (एनी वन ॲक्सिडेंट) आणि एओवाय (एनी वन इयर) म्हणतात. १:१, म्हणजे दोन्ही रकमा सारख्याच असतील तर एकाच मोठ्या अपघातात वर्षाचा विमा संपू शकतो. वकिलाचा खर्चही सहसा याच रकमेतून जातो, वेगळा मिळत नाही. त्यावर एक्सेस म्हणून सुरुवातीची काही रक्कम तुम्हालाच भरायची असते. मी आता एका अपघाताला ५० लाख आणि वर्षाला १ कोटी घेतो.

आता तो सहीचा फॉर्म. तो ठेवा, मीही ठेवतो. पाहुण्याला धोका समजावून सांगितला, पोहता येतं का आणि दम्याचा त्रास आहे का हे विचारलं, याचा तो पुरावा आहे. पण जॅकेटचा पट्टा तुटका होता किंवा गाईड पाहुण्यांना सोडून पुढे निघून गेला असं सिद्ध झालं, तर ‘माझी जबाबदारी नाही’ ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. पाहुणा पैसे मोजून आलेला ग्राहक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची सोय आहे. शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाची सही म्हणजे शून्य, तो कायद्याने करारच करू शकत नाही.

ग्राहक संरक्षण कायद्यामुळेच आणखी एक गोष्ट होते, ती मला फार उशिरा कळली. ग्राहकाला तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. आणि या पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स-मेड’ असतात, म्हणजे दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. यंदा अपघात झाला, पुढच्या वर्षी तुम्ही कंटाळून नूतनीकरण केलं नाही आणि त्यानंतर नोटीस आली, तर हात चोळत बसा. नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, नाहीतर ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ (जिच्या आधीचे अपघात पॉलिसीत धरत नाहीत ती तारीख) पुढे सरकते आणि मागचे अपघात उघडे पडतात. पावसाळ्यात कयाक बंद म्हणून पॉलिसीही बंद, हा हिशेब करू नका.

ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट ही वेगळी चीज. चूक कुणाची हे न बघता पाहुण्याला ठरलेली रक्कम मिळते. डोकेमागे स्वस्त पडते, जरूर घ्या, पाहुणाही शांत राहतो. पण तेवढ्याने तुमच्यावरचा दावा टळत नाही. बरेच जण हाच कागद लायबिलिटी म्हणून रिसॉर्टला दाखवतात आणि रिसॉर्टवालाही न वाचता ठेवून घेतो. तुमचे गाईड मात्र या दोन्हींत बसत नाहीत, रोजंदारीवर असले तरी. त्यांच्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी काढा.

परवान्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. कायदा जाणूनबुजून मोडला असेल तर विमा कंपनी बाजूला होते. २०२३ च्या पावसाळ्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. अशा बंदीत कुणाला घेऊन गेलात तर तुमची पॉलिसी म्हणजे नुसता कागद. जानेवारी २०२५ मध्ये पेडण्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पर्यटक तरुणी आणि पायलट दोघेही गेले, आणि मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. फौजदारी शिक्षा आणि दंड कुठलाच विमा भरत नाही.

काही झालंच तर आधी माणूस, १०८ ला फोन, दवाखाना. तिथे ‘आमचीच चूक, सगळं आम्ही भरू’ असं लिहून किंवा बोलून बसू नका. कंपनीच्या संमतीशिवाय दिलेला असा शब्द पॉलिसीची अट मोडतो. त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाका. जागेचे फोटो काढा. मी आता रोजच्या वहीत भरती-ओहोटीची वेळ लिहितो, आणि त्या तीन पायऱ्या रोज सकाळी खराट्याने घासतो.

शेवटी रिसॉर्टचं. ते तुमच्यापुढे करारही ठेवतील. त्यात ‘कोणत्याही कारणाने झालेली सर्व भरपाई ऑपरेटर देईल’ असं कलम बहुतेक असतंच. असं करारातून अंगावर घेतलेलं दायित्व पॉलिसीत वगळलेलं असतं. म्हणजे त्यांच्या गाडीतून उतरताना, त्यांच्याच गेटवर कुणी पडलं तरी पैसे तुमचे. ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झालेली’ एवढे शब्द त्यात घालून मागा. मी मागितले तेव्हा मॅनेजरने कुरकुर केली, मग पेनाने लिहून शेजारी सही केली.