दावा दाखलच नाही, मग आगाऊ दिलेल्या 25 हजारांचं काय?

प्रश्न : माहेरच्या शेतात (औसा तालुका) वाटणी मागण्यासाठी वकिलांना 25 हजार दिले, 15 फोनपेवर, 10 रोख. फी 40 हजार ठरली, तीही तोंडी. वकीलपत्रावर आणि दोन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. भावाला एक नोटीस गेली, पुढे सात महिने काहीच नाही. आता म्हणतात, कोर्ट फीचे 12 हजार द्या, नाहीतर निकालानंतर अर्धा एकर लिहून द्या. पैसे आणि कागद परत मिळतील का?

उत्तर : ताई, आधी दावा दाखल झालाय का ते बघा. ई-कोर्ट्स ॲपवर औसा आणि लातूर, दोन्हीकडे तुमचं नाव व साल टाका. जमिनीची किंमत जास्त लावली असेल तर दावा लातूरला असू शकतो. नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून बघा. नोंद असेल तर 16 अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) दिसेल.

दाखल नसेल तर काम सोपं आहे. वकीलपत्र कोर्टात गेलंच नाही, म्हणून दुसरा वकील लावायला पहिल्याची 'ना हरकत' लागत नाही. दाखल असेल तर मात्र लागते. ते देत नसतील तर नवा वकील कोर्टाकडे परवानगी मागतो.

अर्धा एकर अजिबात कबूल करू नका. निकालावर फी किंवा मालमत्तेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) नियमांनी वकिलाला बंदी आहे. आपल्याकडे वाढीव मावेज्याची (संपादित जमिनीच्या भरपाईची) प्रकरणं टक्क्यावर घेण्याची सवय पडली आहे, पण सवय पडली म्हणून ते नियमात बसत नाही.

12 हजारांचंही विचारा. मालमत्तेच्या वादात महिलांना राज्य शासनाच्या 1994 च्या अधिसूचनेनं कोर्ट फीची माफी मिळू शकते. दाव्यात त्या माफीचा उल्लेख करायचा असतो. ती तुम्हाला लागू होत असेल तर मग हे 12 हजार कशाचे?

आता 25 हजार. आपल्याकडे आगाऊ रक्कम कोर्टात किंवा वेगळ्या खात्यात पडून राहत नाही, ती थेट वकिलाकडे जाते. म्हणून त्यातली फी किती आणि खर्चाची रक्कम किती, हेच महत्त्वाचं. अशिलाचा हिशेब ठेवणं आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं वकिलावर बंधनकारक आहे. खर्चासाठी घेतलेले पैसे तुमच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवता येत नाहीत. नोटीस आणि कागद बघण्याची फी ते कापून घेतील, आणि ते रास्त आहे. न केलेल्या कामाचे पैसे परत मागा. सगळे 25 परत येतील असं धरून मात्र चालू नका.

रोख 10 हजारांचा पुरावा नाही, म्हणून आधी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका : 'अमुक तारखेला रोख 10 हजार दिले होते, त्याची पावती द्या.' उत्तरात 'हो' आलं तरी उपयोगी पडेल. मग स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पत्र पाठवा. त्यात नेमणूक रद्द केल्याचं लिहा, हिशेब, शिल्लक रक्कम, कागद मागा आणि दोन्ही कोरे सह्यांचे कागद परत मागून ते वापरू नयेत असं स्पष्ट लिहा. 15 दिवसांची मुदत पुरे.

फी बाकी आहे म्हणून कागद अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं हे 2000 मध्येच सांगितलं आहे. खासरा पत्रकाच्या (जमिनीची जुनी सरकारी नोंद) जुन्या नकला दिल्या असतील तर यादीत आवर्जून लिहा, त्या पुन्हा काढायला तहसीलच्या खेपा पडतात.

ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2024 च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध तिथे तक्रार चालत नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार करता येते, पण तिथे शिक्षा होते ती ताकीद, निलंबन किंवा सनद (वकिलीचा परवाना) रद्द अशी. पैशासाठी दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांच्या आत.

नव्या वकिलासाठी औशाच्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.