निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या गट विम्याचा हप्ता सतत का वाढतो, आणि तो भरत राहावा का?

अमळनेरच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांच्या गट वैद्यकीय विम्याचा हप्ता नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा वाढला, तेव्हा तो सोडून द्यावा का, असे आपण विचारले आहे. धुळ्यात पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत वैद्यकीय प्रतिपूर्तीची, म्हणजे उपचारांचा खर्च परत मिळण्याची, देयके मी बरीच वर्षे तपासली आणि आता त्याच योजनेचा हप्ता पेन्शनमधून भरतो. माझे मत असे की विमा सोडू नये. मात्र आपली तक्रार रास्त आहे.

सेवेत असताना राज्य कर्मचाऱ्याला विम्याची गरज फारशी जाणवत नाही. १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार आणि १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातील २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांच्या यादीनुसार, खाजगी रुग्णालयातील खर्चही शासनाकडून परत मिळतो. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून त्रुटी लागून आलेली देयके महिनोन्‌महिने फिरतात हे खरे (माझे स्वतःचे एक देयक एका शिक्क्यासाठी तीनदा परत आले होते), पण हप्ता भरावा लागत नाही. निवृत्तीनंतर, म्हणजे आजार सुरू होण्याच्या वयात, हे छत्र जाते आणि हाती उरते ती २०१४ पासूनची ऐच्छिक गट विमा योजना, जिचा हप्ता निवृत्तांनीच भरायचा असतो.

हप्तावाढीचे मूळ या ऐच्छिकपणात आहे. या गटातला सर्वांत तरुण माणूसच साधारण ५८ वर्षांचा. त्यातही धडधाकट असलेला माणूस हप्ता वाढला की बाहेर पडतो आणि मधुमेह, हृदयविकार किंवा डायलिसिस असलेला मात्र राहतो. मग जमा हप्त्यांच्या तुलनेत दावे वाढतात, कंपनी पुढील वर्षी दर वाढवते आणि आणखी काही निरोगी लोक गळतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला, पण गट विम्यावर तो १८ टक्केच राहिला. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाच्या पीकविम्याच्या हप्त्यात केंद्र आणि राज्य दोघेही वाटा उचलतात. तीस-पस्तीस वर्षे शासनाची चाकरी केलेल्याच्या आरोग्याला तेवढेही मोल नसावे, याचे मला नवल वाटते.

सुधारणा करायची तर नोकरीतले आणि निवृत्त अशा दोघांचा एकच सक्तीचा गट करावा. केरळने १ जुलै २०२२ पासून तसे केले आणि दोघांकडूनही दरमहा ५०० रुपये घेतले. पुढे तिथेही हप्ता वाढला, पण तरुण कर्मचारी गटात असल्याने भार वाटला गेला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेत (सीजीएचएस) वर्गणी वयावर नव्हे, तर वेतनस्तरावर ठरते. आपल्याकडेही पंचविशीतल्या तलाठ्याच्या पगारातून थोडी रक्कम कापली, तर त्याचा लाभ त्यालाच साठीनंतर मिळेल. कर्मचारी संघटना मात्र नव्या कपातीला विरोध करतील, कारण प्रतिपूर्ती त्यांना फुकट वाटते. रुग्णालयांचे दर बांधून न घेता नुसता गट मोठा केला, तर बिलेही मोठी होतील, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या वडिलांपुरते सांगायचे तर, वय ७० पूर्ण झाले असल्यास केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतील वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नसलेले ५ लाखांचे संरक्षण त्यात आहे, त्यामुळे गट विम्यातील संरक्षणाची रक्कम कमी करून हप्ता आवाक्यात आणता येतो का हे पाहता येईल. वय कमी असेल आणि वैयक्तिक पॉलिसीकडे जायचे असेल, तर चालू मुदत संपण्याआधीच स्थलांतराचा अर्ज द्या, म्हणजे जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधी थांबावे लागणाऱ्या काळापैकी (प्रतीक्षा कालावधी) जो आधीच पुरा झाला, तो नव्या पॉलिसीतही धरला जातो. नूतनीकरणापूर्वी रोकडरहित उपचारांच्या रुग्णालयांची यादीही तपासा. नवापूर-नंदुरबारकडची माणसे आजार वाढला की सुरत गाठतात. तिथले रुग्णालय यादीत नसेल, तर पैसे आधी भरून दावा मागाहून करावा लागतो.