क्रमांक चाळीसने वर गेला, पण विद्यापीठ?

एका वर्षात एखादं विद्यापीठ जागतिक यादीत चाळीस क्रमांकांनी वर गेलं, तर तिथलं शिकवणं सुधारलं असं समजायचं का, हा तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा नाही. विद्यापीठ होतं तिथंच असतं, मोजपट्टी हललेली असते.

जागतिक यादी काढणाऱ्या क्यूएस या ब्रिटिश कंपनीचंच बघा. कुठली विद्यापीठं चांगली, असं प्राध्यापकांना विचारणाऱ्या मतचाचणीला त्यांच्याकडे एकूण गुणांत वर्षानुवर्षं ४० टक्के भार होता. २०२४ च्या यादीपासून तो ३० झाला, विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा २० वरून १० वर आला आणि काही नवे निकष घुसले. वर्गातला एक बाकही न हलता क्रमांक हलले. आधी ४०च का होते, याला कुठलंही शास्त्रीय उत्तर नाही. कुणीतरी बसून ठरवलं, एवढंच. त्यात यादीच्या मधल्या पट्ट्यात गुण इतके खेटून असतात की किरकोळ फरकही मोठी झेप वाटतो.

मतचाचणी हा तर वेगळाच प्रकार. शेकडो विद्यापीठं कुणाला आतून माहीत असतात? मग ऐकलेलं नाव लिहिलं जातं, आणि ते नाव कानावर आलेलं असतं बऱ्याचदा मागच्या यादीमुळेच!

बाकीची बरीच आकडेवारी संस्था स्वतःच पुरवतात. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी स्वतःच्याच संस्थेचे आकडे तपासून जाहीर शंका घेतली. अमेरिकेतल्या यू. एस. न्यूज या प्रकाशनाच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होतं, त्याच वर्षी ते अठराव्यावर आलं.

पण लबाडीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वेंडी एस्पेलँड आणि मायकेल साउडर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कायद्याच्या महाविद्यालयांचा अभ्यास केला. तिथं प्रवेशपरीक्षेतल्या गुणांना यादीत वजन होतं, म्हणून गरजू विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती जास्त गुणवाल्यांना ओढून आणण्याकडे वळली. काही ठिकाणी कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना अर्धवेळ अभ्यासक्रमात टाकलं गेलं, कारण हिशेबात तेव्हा फक्त पूर्णवेळचे गुण धरले जात. यात खोटं कुणीच बोललं नाही. संस्थाच हळूहळू यादीच्या साच्यात बसत गेली.

तेव्हा तुमच्या त्या विद्यापीठाचा एकूण क्रमांक सोडा, निकषवार गुण उघडा. त्या वर्षी भार बदलले होते का ते आधी पाहा. नसतील बदलले, तर नेमका कुठला रकाना वाढलाय आणि त्यातला आकडा कुणी दिलाय, ते शोधा.